बावनगजाहून पुढे तेजगढला



दिवाळीनंतर आम्ही गाडीने उत्तरेकडे निघालो. शहादा, खेतिया, पानसेमल करत बडवानीजवळ बावनगजाला पोचलो. सातपुड्याच्या कातळातच कोरलेली आदिनाथ भगवंतांची ८४ फूट उंच मूर्ती! कितीदाही गेलं तरी डोळे भरून येतात. पुढे अलीराजपूर, छोटा उदेपूरवरून पावागढ गाठायचा होता. वाटेत तेजगढला थांबायचा हट्ट सुनेचा.

तिथे आदिवासी अकादमी आहे. गणेश देवी यांनी बडोद्याची प्राध्यापकी सोडून १९९०च्या दशकात आदिवासी भाषांचं काम हाती घेतलं, त्यातून ती उभी राहिली. तिथल्या संग्रहालयाचं नाव ‘वाचा’. राठवांच्या पिठोरा चित्रांतले घोडे, वाद्यं, दागिने. हे म्हणाले होते, अर्ध्या तासात निघू. मी मात्र एका चांदीच्या वाकीपुढेच उभी राहिले.

तशा वाक्या मी आमच्याच घरी पाहिल्यात. लग्न होऊन आले तेव्हा मामंजींच्या तिजोरीत कापडी पुरचुंड्या असायच्या, पेरणीआधी गहाण पडलेल्या. काही होळीला सुटायच्या, काही कधीच नाही. मी बी.कॉम. म्हणून व्याजाचा हिशोब माझ्याकडे आला. तो मी चोख केला. चिठ्ठीवर नाव अर्धंच असायचं, कधी नुसतं गाव. ते मला कधी खटकलं नाही.

कुणी म्हणेल, अडीनडीला दुसरं कोण उभं राहिलं असतं? बियाणं उधार दुकानदारानेच दिलं ना? खरं आहे. पण उपकार आणि नफा एकाच खात्यात जमा दाखवता येत नाहीत, एवढं कॉमर्स मला येतं. अचौर्य व्रताच्या पाच अतिचारांत कमी-जास्त माप-तोलही आहे. प्रतिक्रमणात आपण ते भरभर म्हणून पुढे जातो. आमचा तराजू खोटा नव्हता. पण समोरच्याची गरज बघून लावलेलं व्याज हेही एक मापच, असं मला आता वाटतं.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात शंभरातले सुमारे ६९ लोक आदिवासी. चाळीस वर्षं इथे राहून त्यांची बोली मला दुकानापुरतीच येते: किती हवं, कधी देणार. पाणी गाळून पिणाऱ्या आपण, यात्रेला जाताना त्यांच्या गावांतून काचा वर करून जातो. आणि क्षमापनेला ‘मिच्छामि दुक्कडं’ कुणाला पाठवतो? ज्यांना आपण कधी दुखावलंच नाही अशा नातेवाइकांना!

म्हणून माझं म्हणणं एवढंच. यंदा ते मेसेज थोडे कमी करा आणि घरातली जुनी वही उघडा. क्षमा मागायची तर आधी नाव पुरतं माहीत हवं.

आमच्या तिजोरीत अजून दोन पुरचुंड्या आहेत. एकीवर मोलगीकडच्या एका गावाचं नाव आहे. यांच्याशी बोलले, तर म्हणाले, जुन्या गोष्टी कशाला उकरतेस? दोन दिवसांनी स्वतःच विचारलं, “होळी कधी आहे गं?” होळीआधी आम्ही जाणार आहोत. माणूस सापडेल की नाही, कोण जाणे. वाकी मात्र घासून ठेवली आहे.