होसकोट्याचे विद्यार्थी आणि समुपदेशनाची भाषा

बंगळूरहून कोलारकडे जाणाऱ्या महामार्गावरील होसकोटे हे सतराव्या शतकात शहाजीराजांच्या जहागिरीत मोडणारे ठिकाण. आज या तालुक्याची ओळख कारखाने, गोदामे आणि शेजारच्या व्हाईटफिल्डमधील माहिती तंत्रज्ञान उद्योगामुळे झाली आहे. नोकरीनिमित्त या पट्ट्यात स्थिरावलेल्या कुटुंबांत मराठी कुटुंबेही आहेत. त्यांची मुले आंतरराष्ट्रीय किंवा द्विभाषिक म्हणवणाऱ्या शाळांत प्रवेश घेतात. घरी मराठी, वर्गात इंग्रजी, मैदानावर हिंदी व कन्नड अशी विभागणी या मुलांच्या वाट्याला येते. त्यातील एखादे मूल मनाने खचले, तर ते कोणत्या भाषेत बोलणार, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

या प्रश्नाला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे नवे महत्त्व आले आहे. विशाखापट्टणम येथे वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थिनीच्या मृत्यूप्रकरणी न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि न्यायमूर्ती संदीप मेहता यांच्या पीठाने 25 जुलै 2025 रोजी 15 मार्गदर्शक सूचना दिल्या. कायदा होईपर्यंत त्या देशभर बंधनकारक राहतील, असे न्यायालयाने स्पष्ट केले. 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत बाल व किशोर मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असणे आवश्यक आहे. गुणांच्या आधारे विद्यार्थ्यांच्या वेगळ्या तुकड्या करू नयेत, कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे, असेही त्यात म्हटले आहे. 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि परीक्षेतील अपयशाशी 2,248 मृत्यूंचा संबंध होता, या राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीची दखल निकालात घेण्यात आली.

समुपदेशकाची पात्रता अशा प्रकारे निश्चित झाली. त्याची भाषा कोणती असावी, याविषयी अट नाही. एकभाषिक शाळेत ही उणीव जाणवणार नाही. होसकोट्यासारख्या ठिकाणी ती जाणवते.

कॅनडातील शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी 1979 मध्ये दैनंदिन संभाषणाची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत भेद केला. नव्या भाषेत मूल साधारण दोन वर्षांत सहज बोलू लागते. अभ्यासासाठी लागणारे प्रभुत्व येण्यास मात्र पाच ते सात वर्षे लागतात. पाचवीत नागपूर किंवा सांगलीहून आलेले मूल सातवीत फाडफाड इंग्रजी बोलते, आणि त्याची घसरलेली गुणपत्रिका पाहून शिक्षक व पालक त्याला आळशी ठरवतात. प्रत्यक्षात ते मूल दुहेरी ओझे वाहत असते. भीती, अपमान, घरातील कलह यांसाठीचे त्याचे शब्द तर बहुधा मराठीतच राहिलेले असतात. केवळ इंग्रजी जाणणाऱ्या समुपदेशकासमोर असे मूल ‘आय ॲम फाईन’ म्हणून उठून गेले, तर त्यात नवल नाही.

यात पालकांचाही वाटा आहे. इंग्रजी लवकर यावे म्हणून घरातील मराठी बंद करण्याचा सल्ला अजूनही दिला जातो आणि पाळलाही जातो. त्यामुळे मुलाचा मोकळे होण्याचा एकमेव मार्गही बंद होतो. आजी-आजोबांशी दूरध्वनीवर बोलताना अडखळणारी मुले अशा घरांतून दिसतात.

भाषाधोरणाची आपल्याकडील चर्चा मात्र सक्तीभोवती फिरते. कर्नाटकाने 2015 च्या कायद्याने सर्व शाळांत कन्नडचे शिक्षण टप्प्याटप्प्याने अनिवार्य केले. महाराष्ट्रात पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदीविषयीचे शासननिर्णय तीव्र विरोधानंतर 29 जून 2025 रोजी मागे घेण्यात आले. ज्या राज्यात राहतो तेथील भाषा मुलाला यावी, ही कर्नाटकाची अपेक्षा रास्तच आहे. वर्गमित्रांत मिसळण्यासाठी कन्नडचा उपयोग इंग्रजीपेक्षा अधिक होऊ शकेल. पण या वादांत मुलाच्या मनःस्थितीचा विचार अभावानेच झाला.

उपाय अगदीच हाताबाहेरचे नाहीत. आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएट संस्थेशी संलग्न शाळांना लेखी भाषाधोरण ठेवावे लागते. त्यांच्या पदविका अभ्यासक्रमात, शाळेत त्या भाषेचा शिक्षक नसला तरी, मातृभाषेतील साहित्य शाळेच्या साहाय्याने स्वतः अभ्यासण्याची सोय आहे. प्रत्येक भाषेचा समुपदेशक नेमणे कोणत्याही शाळेस शक्य नाही, हे मान्य केले पाहिजे. तथापि कर्मचाऱ्यांपैकी कोणाला कोणती भाषा येते याची यादी करणे, प्रवेशाच्या वेळी घरच्या भाषेची नोंद घेणे आणि गरज पडल्यास त्या भाषेतील तज्ज्ञाशी दूरध्वनीवर गाठ घालून देणे, यास मोठा खर्च येत नाही.

अशी एक सरकारी यंत्रणा बंगळूरमधूनच चालते. ‘टेली मानस’ ही सेवा 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झाली असून निम्हान्स ही तिची मध्यवर्ती संस्था आहे. 14416 या क्रमांकावर मराठीसह 20 भाषांत दिवसरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. मदतवाहिन्यांचे क्रमांक शाळा व वसतिगृहांत ठळकपणे लावावेत, असा न्यायालयाचा आदेश आहे. त्या फलकावर ‘तुमच्या भाषेत बोला’ एवढे शब्द मुलांच्या भाषांतून लिहिण्यास कोणाच्या परवानगीची आवश्यकता नाही.