होकार की नाइलाज?

स्पर्धाविषयक कायदा आणि वैयक्तिक माहितीचे संरक्षण या विषयांवर दिल्ली-मुंबईच्या सभागृहांत अलीकडे वारंवार परिषदा भरतात. नामवंत विधिज्ञ तेथे भाषणे करतात. खासगीपणाचा भंग स्पर्धा आयोगाने हाताळावा की डेटा संरक्षण मंडळाने, यावर विद्वत्तापूर्ण खल होतो. एकाच कृत्याबद्दल दोन दारी जाब द्यावा लागू नये, हे कंपन्यांच्या वकिलांचे म्हणणे अगदीच गैर नाही. परंतु ज्याच्या माहितीवरून हा वाद चालतो, तो जळगाव-धुळ्याचा ग्राहक या चर्चेत कोठे आहे?

प्रश्न त्याच्यापासून दूरचा नाही. रावेर-यावलचा केळी उत्पादक दिवसाचा भाव व्हॉट्सॲपवर पाहतो. धुळ्याच्या पाचकंदील भागातील दुकानदार मालाची मागणी त्यावरच कळवितो. शाळेच्या सूचनाही पालकांना तेथेच मिळतात. पैसे पडत नाहीत म्हणून ही सोय फुकट, असा सार्वत्रिक समज आहे. अर्थशास्त्र तसे मानीत नाही. ग्राहक येथे पैशाऐवजी स्वतःची माहिती मोजतो. तेव्हा त्याच सेवेसाठी अधिक माहिती मागणे ही एक प्रकारची दरवाढच होय.

फेसबुकला माहिती देण्यास ठरावीक मुदतीत नकार देण्याची सोय २०१६ च्या धोरणात जुन्या ग्राहकांना होती. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने आणलेल्या धोरणात मात्र ते मान्य करा अथवा सेवा सोडा, एवढाच मार्ग उरला. स्पर्धा आयोगाने स्वतःहून दखल घेऊन चौकशी लावली आणि १८ नोव्हेंबर २०२४ रोजी मेटा कंपनीला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला. ४ नोव्हेंबर २०२५ रोजी अपील न्यायाधिकरणाने हा दंड कायम ठेवला. जाहिरातींसाठी माहिती पुरविण्यावरील पाच वर्षांची बंदी मात्र उठविली.

यातील तत्त्व खानदेशच्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागणार नाही. गावात माल घेणारा एकच व्यापारी असेल, तर काट्याजवळ शेतकऱ्याने दिलेला होकार हा होकार नसतो, नाइलाज असतो. स्पर्धा नसेल तेथे संमतीला अर्थ उरत नाही. युरोपीय न्यायालयाने ४ जुलै २०२३ च्या निकालात, प्रभुत्वाचा गैरवापर तपासताना स्पर्धा नियामक माहिती संरक्षणाचे नियमही विचारात घेऊ शकतो, असे म्हटले ते याच जाणिवेतून.

आता नुकसानभरपाईचे पाहा. स्पर्धा कायद्याच्या ५३-एन कलमान्वये पीडिताला न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये दंडाची मर्यादा २५० कोटींपर्यंत आहे. परंतु ती रक्कम सरकारी तिजोरीत जमा होणार. इतकेच नव्हे, तर माहिती तंत्रज्ञान कायद्यातील भरपाईचे ४३-अ कलम वगळण्याची तरतूदही या नव्या कायद्यात आहे. उलट खोटी वा क्षुल्लक तक्रार केल्यास नागरिकालाच दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. ज्याचे गेले त्याच्या हाती काहीच नाही, हा कोणता न्याय? अधिकारक्षेत्राच्या वादात तासन् तास घालविणाऱ्या विधिज्ञांनी या उणिवेवर अधिक बोलावयास हवे.

संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत, म्हणजेच मराठीतही, वाचण्याचा पर्याय हा कायदा देतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून कंपन्यांना मुख्य जबाबदाऱ्यांसाठी अठरा महिन्यांचा अवधी आहे. हाच अवधी नागरिकांचाही आहे. जळगाव-धुळ्याचे वकील संघ, विधी महाविद्यालये आणि ग्राहक संघटना यांनी एकत्र येऊन हा विषय मराठीत मांडावा. स्पर्धा आयोगाकडे कोणीही व्यक्ती वा ग्राहक संघटना तक्रार करू शकते, ही गोष्ट तरी घरोघर पोहोचावी. महानगरातील परिषदांतून कायद्याचा अर्थ लागेल. परंतु त्याचा उपयोग जिल्ह्याच्या गावी झाला नाही, तर २१३ कोटींचा दंडही मोठ्या कंपनीच्या हिशेबवहीतील एक किरकोळ खर्च ठरेल.