कसबा : बालेकिल्ला या शब्दाची किंमत

कसबा पेठ विधानसभा मतदारसंघाचा उल्लेख 'भाजपचा बालेकिल्ला' या विशेषणावाचून करण्याची सवय पुण्याच्या पत्रसृष्टीला आणि त्याहून अधिक पुण्याच्या राजकीय कार्यकर्त्यांना अनेक वर्षे जडलेली होती. १९९५ ते २०१४ अशा सलग पाच निवडणुका गिरीश बापट यांनी येथून जिंकल्या. ते लोकसभेवर गेल्यानंतर २०१९ मध्ये मुक्ता टिळक २८ हजारांहून अधिक मताधिक्याने निवडून आल्या. त्यांच्या निधनानंतर झालेल्या पोटनिवडणुकीचा निकाल २ मार्च २०२३ रोजी लागला आणि काँग्रेसचे रवींद्र धंगेकर १०,९१५ मतांनी विजयी झाले. अठ्ठावीस वर्षांनी कसब्याने पक्ष बदलला. २३ नोव्हेंबर २०२४ रोजी पुन्हा मतमोजणी झाली तेव्हा रिंगणातील प्रमुख उमेदवार तेच दोघे होते, पण भाजपचे हेमंत रासने १९,४२३ मतांनी निवडून आले. मतदारसंघ तोच, उमेदवार तेच, अंतर एकवीस महिन्यांचे आणि कौल उलटा. पराभवानंतरच्या शोकात आणि विजयानंतरच्या गुलालात या विरोधाभासाची मीमांसा राहूनच गेली.

२०२३ च्या पराभवाचे जे कारण त्या वेळी सर्वत्र सांगितले गेले ते उमेदवारीचे. मुक्ता टिळक कर्करोगाशी झुंजत असतानाही जून २०२२ मध्ये राज्यसभा आणि विधान परिषदेच्या मतदानासाठी रुग्णवाहिकेतून मुंबईस गेल्या होत्या. पक्षनिष्ठेचा असा दाखला देणाऱ्या लोकप्रतिनिधीच्या घरात उमेदवारी जावी, ही अपेक्षा अस्वाभाविक नव्हती. ती स्थायी समितीचे माजी अध्यक्ष रासने यांना मिळाली आणि ब्राह्मण समाज नाराज असल्याचे फलक शहरात झळकले. हिंदू महासंघाचे आनंद दवे याच भावनेवर रिंगणात उतरले. त्यांना हजार मतांचाही टप्पा गाठता आला नाही. फलकावरील नाराजी मतपेटीत उतरली असती तर ती दवे यांच्या नावापुढे दिसली असती. ती तेथे दिसली नाही. शिवाय २०२४ मध्ये पक्षाने पुन्हा रासने यांनाच उभे केले, तेव्हा त्यांना ९०,०४६ मते पडली. बापट यांनाही कधी एवढी मते पडलेली नव्हती. ज्या उमेदवारामुळे कसबा गेला असे सांगितले गेले, त्याच उमेदवाराने तो परत आणला असेल तर मूळ निदानच तपासून पाहावयास हवे. समाजाची मोजदाद जातींच्या गठ्ठ्यांत करण्याची जी खोड सर्वच पक्षांच्या निवडणूक कार्यालयांना लागली आहे, तिने या वेळी भाजपच्या विश्लेषकांनाही चकविले, एवढे निश्चित.

आकडे वेगळीच कथा सांगतात. २०१९ मध्ये मुक्ता टिळक यांना ७५,४९२ मते होती. काँग्रेसचे अरविंद शिंदे ४७,२९६ वर थांबले. परंतु शिवसेनेतून बंडखोरी केलेल्या अपक्ष उमेदवाराने सुमारे चौदा हजार, तर मनसेने आठ हजारांच्या आसपास मते घेतली होती. या तिघांची बेरीज सत्तर हजारांच्या घरात जाते. २०२३ मध्ये धंगेकरांना ७३,३०९ मते मिळाली आणि २०२४ मध्ये, पराभूत होताना, ७०,६२३. म्हणजे भाजपला न मिळणारी सत्तर हजारांच्या आसपासची मते कसब्यात तिन्ही निवडणुकांत जवळपास जागच्या जागी होती. २०२३ मध्ये ती एका नावापुढे एकवटली, एवढाच फरक. धंगेकरांच्या विजयाला 'लाट' म्हणणाऱ्यांनी आणि २०२४ मधील त्यांच्या पराभवाला 'धूळधाण' म्हणणाऱ्यांनी हा हिशेब सारखाच दुर्लक्षिला. विजयापासून पराभवापर्यंतच्या प्रवासात त्यांनी गमावली ती अवघी २,६८६ मते.

अस्थिर राहिला तो भाजपच्या बाजूचा आकडा. ७५ हजारांवरून तो ६२,३९४ वर आला आणि तेथून ९० हजारांवर गेला. एकवीस महिन्यांत वाढलेली २७,६५२ मते आली कोठून? मतदान गुप्त असते, त्यामुळे अमुक व्यक्तीने मत फिरविले की नाही, हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण पोटनिवडणुकीत मतदान पन्नास टक्क्यांच्या आसपास होते आणि २०२४ मध्ये ते एकोणसाठ टक्क्यांच्या जवळपास गेले. प्रतिस्पर्ध्याचा आकडा जवळपास तसाच राहतो आणि मतदान वाढताच आपला आकडा वाढतो, याचा सरळ अर्थ असा की २०२३ मध्ये कसब्यातील भाजपचा मतदार विरोधकांकडे गेला त्यापेक्षा अधिक संख्येने घरीच बसला. सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांतून पक्षाला अपेक्षित मताधिक्य मिळाले नाही, त्याचेही उत्तर यातच आहे.

तो घरी का बसला, याचे उत्तर बालेकिल्ला या शब्दात दडलेले आहे. किल्ला अभेद्य आहे असे एकदा ठरले की पहारेकरी झोपतो, आणि आतल्या रहिवाशालाही वाटते की आपल्या एका मतावाचून काय अडते. वस्तुतः कसब्याचा पूर्वेतिहास अभेद्यपणाचा नाही. १९८० मध्ये येथून भाजपचे डॉ. अरविंद लेले निवडून आले, तर १९८५ मध्ये काँग्रेसचे उल्हास काळोखे. १९९० मध्ये अण्णा जोशी यांनी जागा परत मिळविली. ते १९९१ मध्ये विठ्ठलराव गाडगीळ यांच्यासारख्या मातब्बराला हरवून लोकसभेवर गेले, आणि त्यामुळे झालेल्या पोटनिवडणुकीत काँग्रेसच्या वसंत थोरात यांनी भाजपच्या तरुण उमेदवाराला पराभूत केले. तो तरुण उमेदवार म्हणजे गिरीश बापट. ज्यांच्या नावाने बालेकिल्ल्याची कीर्ती झाली, त्यांच्या कसब्यातील कारकिर्दीचा आरंभच पोटनिवडणुकीतील पराभवाने झाला होता, हे २०२३ मध्ये कोणी आठवले असते तर बरे झाले असते. पुढे २००९ मध्येही बापट सुमारे पंचावन्न हजार मतांवर निवडून आले, तेव्हा मनसेचे धंगेकर आणि काँग्रेसचे रोहित टिळक या दोघांनी प्रत्येकी ४६ हजारांहून अधिक मते घेतली होती. विरोधातील मते तेव्हा दुभंगली म्हणून किल्ला राहिला. त्याच धंगेकरांना २०२३ च्या प्रचारात 'धंगेकर कोण?' असे विचारण्याचा मोह पक्षाच्या एका ज्येष्ठ नेत्याला आवरला नाही. कसब्यातील मतदाराला ते कोण हे चौदा वर्षांपासून ठाऊक होते.

या अशा मतदारसंघात बापट पाच वेळा निवडून आले ते भिंतींच्या जाडीवर नव्हे. पेठेतील माणसाशी असलेला रोजचा संबंध ही त्यांची शिदोरी होती. तांबट आळीतला कारागीर, कुंभारवाड्यातील मूर्तिकार, बुरूड आळी, शिंपी आळी, मंडईतील गाळेवाले आणि सदाशिव पेठेतील निवृत्त शिक्षक यांची दुनिया एकमेकींपासून चार-पाच वळणांवर असली तरी भिन्न आहे. त्या सर्वांना आपले वाटणे हे एका निवडणुकीच्या प्रचाराचे काम नसते. विरोधी पक्षांतही मित्र राखणारा, थट्टा करणारा आणि थट्टा सोसणारा हा नेता होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये केसरीवाड्यातील कार्यकर्ता मेळाव्यास ते चाकाच्या खुर्चीतून, नाकाला प्राणवायूची नळी लावून आले. काहींना ते दृश्य हृद्य वाटले, काहींना निर्दय. २९ मार्चला त्यांचे निधन झाले. ज्याला घरी विश्रांती द्यावयास हवी होती अशा माणसास मेळाव्यास येण्याची वेळ का आली, हा प्रश्न पक्षासाठी त्या दहा हजार मतांहून अधिक बोचरा आहे. पंचवीस वर्षांत एकाच माणसाच्या संपर्कावर मतदारसंघ तोलला गेला आणि त्या संपर्काचा वारसा घेणारी फळी उभी राहिली नाही. पुण्याच्याच भूमीत रामभाऊ म्हाळगी यांनी आमदार म्हणून आपल्या कामाचा वार्षिक अहवाल मतदारांपुढे ठेवण्याचा पायंडा पाडला होता. म्हाळगींचे नाव प्रबोधिनीला देणे सोपे आहे. अहवाल छापून दारोदार नेणे कठीण.

पोटनिवडणुकीच्या वेळी तर हा संपर्क दुहेरी तुटला होता. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आला. पुढील महापालिका निवडणूक जानेवारी २०२६ पर्यंत झाली नाही. नळाला पाणी आले नाही, गटार तुंबले तर ज्याच्या दारात जावे तो नगरसेवक माजी झालेला. त्यातच निवासी मिळकतकरातील चाळीस टक्के सवलतीचा घोळ. १९७० पासून पुणेकरांना मिळणारी ही सवलत काढली गेल्याने थकबाकीच्या मागण्या घरोघरी पोहोचल्या होत्या. पेठेतील माणूस पैशाच्या बाबतीत काटेकोर असतो, ही विनोदाची गोष्ट खरी. पण निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याला त्या कागदात विनोद दिसत नाही. निकालानंतर काही आठवड्यांतच राज्य सरकारने ही सवलत पुन्हा लागू करण्याचा निर्णय घेतला. तोच निर्णय दोन महिने आधी झाला असता तर मुख्यमंत्री, उपमुख्यमंत्री आणि डझनावारी मंत्र्यांना कसब्याच्या बोळांतून पदयात्रा काढण्याची वेळ कदाचित आली नसती. मंत्र्यांच्या मोटारींनी अडलेला रस्ता हाही पेठेत मतावर परिणाम करणारा विषय असतो.

त्याच दिवशी चिंचवडचाही निकाल लागला. तेथे दिवंगत लक्ष्मण जगताप यांच्या पत्नी अश्विनी जगताप सुमारे ३६ हजारांनी विजयी झाल्या, आणि घराण्यात उमेदवारी दिल्याचे फळ म्हणून ते उदाहरण कसब्याच्या तोंडावर फेकले गेले. पण चिंचवडला राष्ट्रवादीचे नाना काटे आणि बंडखोर राहुल कलाटे यांच्या मतांची बेरीज विजयी उमेदवाराहून अधिक भरते. तेथे विरोधातील मते विभागली गेली, कसब्यात ती एकत्र आली. दोन्ही निकालांच्या मुळाशी हीच वजाबाकी-बेरीज आहे.

२०२४ च्या मे महिन्यात लोकसभेची निवडणूक झाली. पुण्यातून मुरलीधर मोहोळ यांनी धंगेकरांना सव्वा लाखाच्या आसपास मतांनी हरविले आणि कसब्यातही आघाडी घेतली. पण राज्यात चित्र विपरीत होते. महायुतीला ४८ पैकी १७ जागा मिळाल्या, आणि तेही दोन्ही आघाड्यांच्या मतांमधील अंतर अगदी थोडे असताना. त्याच महाराष्ट्राने सहा महिन्यांत भाजपला एकट्याला १३२ आमदार दिले. लाडकी बहीण योजनेचा त्यातील वाटा नाकारण्यात अर्थ नाही. पण कसब्यापुरते बोलावयाचे तर मतदारयाद्या हाती घेऊन इमारतीगणिक फिरलेल्या, दुपारी दोनच्या सुमारास न आलेल्या नावांवर खूण करून पुन्हा जिना चढलेल्या कार्यकर्त्याचे श्रेय मोठे आहे. लोकसभेच्या धक्क्याने त्याला जागे केले. शब्द बदलला होता. आता कोणी बालेकिल्ला म्हणत नव्हते.

विजयानंतर तो शब्द पुन्हा कानावर येऊ लागला आहे, म्हणून ही चर्चा. मार्च २०२५ मध्ये धंगेकर काँग्रेस सोडून एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेत गेले. त्यांच्या नावापुढे पडलेली सत्तर हजार मते त्यांच्याबरोबर गेली, असे मानणारा मनुष्य कसब्यात राहात नसावा. ती मते धंगेकरांच्या आधीपासून तेथे आहेत आणि योग्य उमेदवाराची वाट पाहात असतील. दुसरीकडे भाजपला मत देणारा पेठेतील मतदार वर्षागणिक पेठेबाहेर जातो आहे. शनिवारवाड्याभोवतीच्या शंभर मीटरांत २०१० च्या पुरातत्त्व कायद्यातील दुरुस्तीमुळे नवे बांधकाम करता येत नाही. त्यापलीकडच्या वाड्यांत मालक आणि भाडेकरू यांचे दावे पिढ्यानपिढ्या चालू आहेत. तुळया वाकलेल्या, टेकू लावलेले जिने, आणि वर राहणारी ऐंशीच्या घरातील दोन माणसे. मुले कोथरूडला, सिंहगड रस्त्याला, नाही तर देशाबाहेर. त्यातील कित्येकांची नावे अद्याप कसब्याच्या यादीत आहेत. मतदानाच्या दिवशी ती आली तर नव्वद हजार होतात, न आली तर बासष्ट. या वाड्यांच्या पुनर्विकासाचा प्रश्न २०२३ मध्येही प्रचारात होता आणि २०२४ मध्येही. रासने यांच्या कार्यकाळाचा हिशेब २०२९ मध्ये होईल, तेव्हा यादीतील ते पत्ते राहते असतील की केवळ नावापुरते, हे तोवर किती वाड्यांना बांधकामाची परवानगी मिळते यावर अवलंबून आहे.