तार आणि जमाखर्च

31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर ही 765 के.व्ही.ची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित देशाशी एक झाले. सीमावादात वाढलेल्या मला ही तार फार बोलकी वाटते. पण नुसती तार पुरत नाही. पावगड्याची सौरवीज दुपारी भरपूर, दिवेलागणीला शून्य. मागणी मात्र तेव्हाच वाढते. हा जमाखर्च महिन्याच्या एका आकड्याने जुळणार नाही; वेळेनुसार नोंद ठेवणारा स्मार्ट मीटर हवाच.

केंद्राचे 2023 चे नियम सांगतात : उन्हाच्या वेळी दर किमान 20 टक्के कमी, ऐन मागणीच्या वेळी घरगुती दर किमान 10 टक्के जास्त. माझी आई सहाला कामावरून येते. पंप, मिक्सर, इस्त्री सारे त्यानंतरच. मीटर शहाणा झाला म्हणून तिने जादा का भरावे? लहान घरांना त्या वाढीतून वगळा. मग मीटर खुशाल बसवा.