आमचं काळीज कोण मोजणार?

आयफोन खिशात घालायचा नि सहा मिनिटं जमेल तेवढं झपाझप चालायचं. किती अंतर कापलं ते फोन मोजतो. त्यावरून हृदयात दम किती, याचा अंदाज दूर बसलेल्या डॉक्टरला येतो. २०१५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठानं अमेरिकेत 'मायहार्ट काउंट्स' हे ॲप काढलं ते यासाठीच. काही महिन्यांत ४८,९६८ लोकांनी संमती दिली. चांगलं झालं. विज्ञानाला मी शिव्या देणार नाही. ते काम पोथीवाल्यांचं.

पण दोस्तहो, मोजलं कोण गेलं ते बघा. ८२ टक्के पुरुष. मधलं वय ३६. चालण्याची चाचणी पुरी केली फक्त ४,९९० जणांनी. महागडा फोन ज्याच्या खिशात, त्याचंच काळीज हिशेबात. बाकीच्यांचं धडधडलं काय नि थांबलं काय!

आता इकडे या. आपल्या माणसाच्या मनगटावरही घड्याळ आलं. नागपूर, चंदीगडच्या महापालिकांनी सफाई कामगारांना जीपीएसची घड्याळं बांधली. ती काय मोजायची? माणूस कुठं उभाय, नेमलेला रस्ता सोडून गेला का. पगार कापायला एवढं पुरे. पहाटेपासून झाडू मारणाऱ्याच्या छातीत काय चाललंय, ते साहेबाला कशाला पाहिजे? साहेबाचं घड्याळ तब्येतीसाठी, आमचं पाळतीसाठी. इथं यंत्रालाही जात चिकटते!

कुणी म्हणेल, फेकून द्या ती यंत्रं. मी म्हणतो, ताब्यात घ्या. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर्सनी सिकलसेलची तपासणी स्वतः सुरू केली. आपल्या वस्त्यांत, फुकट. सरकारची वाट बघितली नाही. पुढच्याच वर्षी मुंबईत आपण त्यांचं नाव घेतलं. नुसतं नाव घेऊन भागत नाही.

वस्तीत एक फोन, एक बीपीचं मशीन, चालायला मोकळा रस्ता. एवढ्यावर सुरुवात होते. फोन म्हणजे डॉक्टर नव्हे. छातीत दुखलं तर सरळ इस्पितळ गाठायचं. पण आकड्यांची वही कामगाराकडेच राहील, मुकादमाकडे नाही. नाहीतर उद्या तोच म्हणेल, 'तुझं हृदय कमजोर, घरी बस.' सगळ्यांच्या वह्या जमल्या की नाव न सांगता आकडे घेऊन महापालिकेच्या दारात जायचं. उपचार द्या, भरपगारी रजा द्या, कंत्राट मोडा, कायम करा!

ठोके आम्ही मोजू. जाब तुम्ही द्यायचा.