समूहाविना सूडकथा

टिम बर्टनच्या ‘स्वीनी टॉड’वर (२००७) आक्षेप घेणारे बहुधा रक्तपातापाशीच थांबतात. वस्तुतः करड्या लंडनमध्ये उसळणारे ते भडक, उघडउघड नाटकी रक्त ही चित्रपटाची जमेची बाजू आहे. वस्तऱ्याला उद्देशून टॉड गातो त्या गीताची कोमलता तर विलक्षण अस्वस्थ करते. खरी हानी अन्यत्र आहे. स्टीफन सॉन्डहाइमच्या मूळ संगीतिकेत (१९७९) समूह प्रारंभी व अखेरीस प्रेक्षकांना उद्देशून गातो आणि टॉडच्या सूडात सर्वांनाच भागीदार करतो. बर्टनने हे गायनच वगळले. उरले केवळ वाद्यसंगीत. (‘घाशीराम कोतवाल’मधला मानवी पडदा पाहिलेल्यांना या हानीचे मोल वेगळे सांगायला नको.) परिणामी, माणसे माणसांना खातात हे समाजाविषयीचे विधान एका दुखावलेल्या न्हाव्याची मनोविकृती होऊन बसते. हेलेना बोनम कार्टरचा कुजबुजता स्वर क्लोज-अपला मानवतो, पण गिऱ्हाइकांच्या मांसाची चव वर्णिणाऱ्या द्वंद्वगीतातला उद्दाम विनोद त्यात विरतो. चित्रपटाला समूहगान पेलत नाही, हा बचावही टिकणारा नाही. बॉब फॉसीच्या ‘कॅबरे’ने (१९७२) बिअरच्या बागेतल्या साध्यासुध्या माणसांना एकेक करून नाझी तरुणाच्या गाण्यात ओढले, तेव्हाच तो निकालात निघाला होता.