चार अंगुळांचा हिशेब

महाभारताच्या द्रोणपर्वांत अशी कथा आहे कीं, धर्मराजाचा रथ त्याच्या सत्यनिष्ठेच्या बळावर भूमीपासून चार अंगुळें वर चालत असे. अश्वत्थाम्याविषयींचें तें संदिग्ध वचन त्याच्या मुखांतून निघालें आणि रथ इतरांच्या रथांप्रमाणें जमिनीस टेकला. चार अंगुळें म्हणजे सुमारें तीन इंच. रथाचें तें खालीं येणें ही शिक्षा होती. आजचे कांहीं तरुण मात्र पदरचे पैसे खर्चून आपली मोटार दीड-दोन इंच खालीं बसवून घेतात आणि त्यांत भूषण मानतात. हें ऐकून वडीलधाऱ्यांना हंसूं येतें. परंतु ज्या गोष्टीवरून घरांत वाद होतो, ती हंसण्यावारीं नेण्यापेक्षां मोजून पाहावी, असा या सदराचा शिरस्ता आहे.

खालापूर तालुक्यांतील एका ज्येष्ठ गृहस्थांचें पत्र आमच्यासमोर आहे. एकत्र कुटुंब, घरांत माणसें अकरा आणि मोटार एक. ती त्यांच्या नातवानें पुण्यास नोकरी करून स्वतःच्या कमाईंतून घेतली आहे. गाडी जुनी, पण जर्मन बनावटीची व चारहि चाकांना इंजिनाची शक्ति पोंचविणारी. याच गाडींतून आजींना आठवड्यांतून दोनदां डायलिसिससाठीं पनवेलीस न्यावें लागतें. नातवाच्या मनांत गाडी चाळीस मिलिमीटर खालीं बसवावी असें आहे; आजोबांचा त्यास विरोध आहे. नातू म्हणतो, चारहि चाकें ओढीत असल्यावर पावसाची भीति कसली? त्याचा कॅनडांतील मावसभाऊ तर अशीच गाडी बर्फांत चालवितो. “शास्त्र काय सांगतें तें लिहावें, म्हणजे घरांतला अबोला तरी मिटेल,” असें आजोबांनीं शेवटीं लिहिलें आहे. आमचें उत्तर दोघांसाठींहि आहे.

आधीं पूर्वपक्ष, म्हणजे नातवाची बाजू. ती निराधार नाहीं. मोटार वळणावर असतां तिचा भार आंतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतो आणि ही सरक गुरुत्वमध्याच्या उंचीच्या प्रमाणांत असते. सामान्य बैठ्या मोटारीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरांवर धरला आणि तो ४ सेंटिमीटर खालीं आणला, तर सरक शेंकडा सातांनीं घटते. २००२ सालीं पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगति मार्गासारख्या सपाट रस्त्यावर ताशी शंभर किलोमीटर वेगानें जातांना हा लाभ चालकाच्या हाताला जाणवेल. पण तो सात टक्क्यांचा लाभ आहे, हें विसरूं नये. “गाडी रस्त्याला चिकटून चालते” असा जो अनुभव सांगितला जातो, त्याचें बरेंचसें श्रेय नव्या ताठ स्प्रिंगांना, नव्या शॉकॲब्सॉर्बरांना आणि चांगल्या टायरांना असतें; उंचीला थोडें. शिवाय पुढील चाकांची रचना स्ट्रट पद्धतीची असेल, तर गाडी फार खालीं आणल्यानें चाकांचे दांडे वेड्यावांकड्या कोनांत जातात व गाडीचा कल कमी होण्याऐवजीं वाढूंहि शकतो. थोडें खालीं येणें हिताचें झालें, तरी पुष्कळ खालीं येणें अधिक हिताचें असा त्रैराशिकाचा नियम येथें लागू पडत नाहीं.

आतां चारहि चाकांनीं ओढण्याविषयीं. जपानच्या सुबारू कंपनीनें १९७२ पासून आणि जर्मनीच्या ऑडी कंपनीनें १९८० पासून ही युक्ति साध्या प्रवासी मोटारींत आणली व ती जगभर गाजली. निसरड्या चढावर एक चाक फिरूं लागलें तर दुसरें ओढतें, हा तिचा गुण. परंतु हा गुण निघतांना व चढतांना उपयोगी पडतो. थांबतांना प्रत्येक मोटारीचीं चारहि चाकें रोधलीं जातातच; तेथें या गाडीला कांहीं अधिक नाहीं. वळतांना व थांबतांना सगळा भरंवसा टायराच्या रबरावर. आणि पोट जमिनीस टेकलें कीं चाकांवरचा भार उतरतो. मग चाकें दोन फिरोत कीं चार, गाडी जागची हलत नाहीं.

कॅनडांतील मावसभाऊ येथेंच साक्षीस बोलवावा. तिकडे बर्फ सारणारें यंत्र रस्ता साफ करीत जातें आणि प्रत्येक घराच्या वाटेच्या तोंडाशीं घट्ट बर्फाचा एक बांध टाकून जातें. बुटकी गाडी त्या बांधावर पोटावर बसते आणि चारहि चाकें नुसतीं गरगरतात. म्हणून तेथील जाणते लोक गाडी फार तर वीस-पंचवीस मिलिमीटरच खालीं घेतात. किंवा उंची कमीजास्त करतां येणारी जोडी, जिला कॉइलओव्हर म्हणतात, ती बसवून हिवाळ्यापूर्वीं गाडी पुन्हां वर उचलतात. रस्त्यांवर टाकलेल्या मिठानें त्या जोडीचे आटे गंजून घट्ट बसतात, म्हणून त्यांनाहि दरवर्षीं साफसूफ व वंगण लागतें. शिवाय सुमारें सात अंशांखालीं साधें रबर कडक होतें, म्हणून हिवाळ्याचे निराळे टायर घालावे लागतात. क्वेबेक प्रांतांत तर १ डिसेंबर ते १५ मार्च असे टायर कायद्यानेंच सक्तीचे आहेत. सारांश, मावसभावाची गाडी बर्फांत चालते ती टायरांच्या पुण्याईनें आणि राखलेल्या उंचीच्या पुण्याईनें. बुटकेपणा तेथें सोसून घ्यावा लागतो.

आपल्याकडे बर्फ नाहीं. पण कर्जत-खालापूरचा हिवाळा म्हणजे पावसाळाच. सह्याद्रीच्या पायथ्याशीं वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांतच. वाड्या-वस्त्यांना जोडणाऱ्या आंतल्या रस्त्यांवर या दिवसांत खड्डा व डबकें यांतला भेद पाण्यावरून ओळखूं येत नाहीं. येथें उंची ही मोटारीची ठेव होय. तिचे दोन भाग आहेत, आणि ते निरनिराळे मोजले पाहिजेत.

पहिला भाग चाकाच्या हालचालीचा. समजा, स्वस्थ उभ्या गाडींत चाकाला वर सरकावयास ८ सेंटिमीटर वाव आहे; त्यापुढें रबरी अटकाव लागतो. गाडी ४ सेंटिमीटर खालीं आणली कीं वाव निम्मा उरला. स्प्रिंग दबतांना जी ऊर्जा सांठविते, ती दबण्याच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत असते. अंतर निम्में झालें कीं सांठवण चतुर्थांश. पूर्वीचाच धक्का आतां झेलावयाचा तर स्प्रिंग चौपट ताठ पाहिजे. बाजारांतल्या बुटक्या स्प्रिंगा इतक्या ताठ कधींच नसतात, आणि असत्या तर मोटारीची बैलगाडी झाली असती. शॉकॲब्सॉर्बर धक्क्याचा थोडा वांटा उचलतो. उरलेला धक्का रबरी अटकावाला बसतो, तेथून गाडीच्या सांगाड्याला, आणि शेवटीं मागच्या आसनावर बसलेल्या माणसाच्या मणक्याला. डायलिसिस करून थकून परत येणाऱ्या आजी त्याच आसनावर बसतात.

दुसरा भाग पोटाखालच्या अंतराचा. त्याचा हिशेब गतिरोधकावरून करूं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शनाप्रमाणें गोल गतिरोधक १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. गाडीच्या पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर २.६ मीटर धरा. चारहि चाकें त्या उंचवट्यावर असतांना पोटाच्या मध्याशीं रस्ता किती वर येतो? अंतराचा वर्ग भागिलें त्रिज्येची आठपट. उत्तर ५ सेंटिमीटर. आतां जमाखर्च मांडूं. रिकाम्या गाडीचें पोटाखालचें अंतर १६ सेंटिमीटर. पांच माणसें व सामान यांच्या भारानें ४ वजा. गतिरोधकाचे ५ वजा. मूळच्या गाडीला ७ उरतात; खालीं बसविलेल्या गाडीला ३. चालती गाडी जी खालींवर डुलते, तींत हे तीनहि सहज संपतात. आणि हा झाला शास्त्रशुद्ध गतिरोधकाचा हिशेब. वस्तीवरच्या लोकांनीं मुलाबाळांच्या काळजीपोटीं हातानें घातलेला उंचवटा अरुंद आणि उंच असतो. तो पोटाखालीं सबंधच्या सबंध येतो. पंधरा सेंटिमीटरांचा असा एक उंचवटा इंजिनाच्या तेलाचें भांडें फोडावयास पुरेसा आहे. नातवाला तो गॅरेजचा एक दिवस वाटेल. आजींच्या बाबतींत ती चुकलेली खेप होय, आणि ती खेप दुसऱ्या दिवसावर ढकलतां येत नाहीं.

पाण्याचेंहि तसेंच. इंजिन ज्या तोंडानें हवा घेतें, तें पुष्कळ गाड्यांत पुढच्या जाळीमागें असतें. गाडी खालीं आली कीं तें तोंडहि तेवढेंच खालीं आलें. तेथून पाणी आंत गेलें तर पाणी दाबलें जात नाहीं. इंजिनाचे दांडे वांकतात. उल्हास नदीचें पाणी किती झपाट्यानें चढतें तें २७ जुलै २०१९ रोजीं दिसलें. बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरांत अडकली आणि हजाराच्या आसपास प्रवाशांना बाहेर काढावें लागलें. जेथें आगगाडी थांबली तेथें चार चाकांच्या ओढीचा अभिमान धरूं नये. वाहत्या पाण्यांत उंच गाडीहि घालूं नये.

कायद्याची बाजू नातवानें स्वतः वाचावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत फेरफार करूं देत नाहीं. ९ जानेवारी २०१९ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानें तें स्पष्ट केलें आहे. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें अनधिकृत फेरफारामागें पांच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. जर्मनींत असे भाग प्रमाणपत्र पाहून, तपासणी करून स्वीकारले जातात. तिकडची मोकळीक पाहून इकडे निष्कर्ष काढूं नये. परिवहन कार्यालय आणि विमा कंपनी यांचें लेखी उत्तर हातीं येईपर्यंत मिस्त्रीकडे जाऊं नये.

ज्या देशांत परवानगी आहे तेथें कोणाला हें करावयाचेंच असेल, तर कांहीं पथ्यें आहेत. स्प्रिंगांचे वेढे कापून गाडी खालीं आणूं नये. चाक लोंबतें झालें कीं कापलेली स्प्रिंग जागची निसटते. स्प्रिंग व शॉकॲब्सॉर्बर एकमेकांस जुळणारे घ्यावे. नंतर व्हील अलाइनमेंट, दिव्यांची दिशा आणि चालकास साह्य करणारे कॅमेरे असल्यास त्यांची जुळणी पुन्हां करावी. चारहि टायर एकाच मापाचे व सारखे झिजलेले असावे, नाहींतर पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारी यंत्रणा तापून खराब होते. उंची मोजावयाची ती भरल्या गाडीची, पूर्ण टाकीची. आणि माप घ्यावयाचें तें वर्षांतल्या सर्वांत वाईट दिवसाच्या रस्त्याचें. मृगाला गाडी वर आणि दसऱ्याला खालीं असा क्रम कागदावर गोड दिसतो. पण प्रत्येक वेळीं अलाइनमेंटचा खर्च येतो आणि मृगाचा पहिला पाऊस मिस्त्रीच्या सवडीची वाट पाहत नाहीं.

आतां सिद्धान्त. या घरची गाडी खालीं आणूं नये. नातवाला जें सुख हवें आहे, त्याचा मोठा भाग उंचीला हात न लावतां मिळतो. जुन्या गाडीचे थकलेले शॉकॲब्सॉर्बर व सांध्यांचीं रबरें मूळ मापाचीं नवीं घालावीं, ओल्या रस्त्यावर पकड धरणारे चांगले टायर घ्यावे, अलाइनमेंट नीट करून घ्यावी. चाळीस मिलिमीटरांसाठीं राखलेले पैसे याच कामीं लावावे. आजोबांनींहि एवढें करावें कीं, हा खर्च चैन समजून नाकारूं नये. गाडी नातवाची आहे, तिजवर त्याचें प्रेम आहे, आणि आठवड्यांतून दोनदां पनवेलीची खेप तो प्रेमानेंच करतो.

येत्या रविवारीं घरांतल्या पांच माणसांनीं गाडींत बसावें, टाकी भरलेली असावी, आणि नातवानें फूटपट्टी घेऊन पोटाखालचें अंतर मोजावें. मग घरापासून जुन्या हमरस्त्यापर्यंत जितके गतिरोधक लागतात, त्यांची उंची एका वहींत लिहावी. दोन्ही आंकडे आजोबांसमोर ठेवावे. पुढचा वाद त्या वहीवर घालावा. अबोला धरण्याचें कारण उरणार नाहीं.